स्प्रिंगा काढलेली मोटारसायकल

आमच्या ओटीवर बसण्याआधी शेजारचे होडीवाले खुर्ची धरून हलवून पाहत आणि म्हणत, "हालते हाय." मग तिच्यावरच बसत. घट्ट नसलेली कोणतीही वस्तू ज्यांना बघवत नाही, असे एखादे गृहस्थ तुमच्याही शेजारी असतील.

मुरुडच्या कोळीवाड्यात ते होड्या बांधायचे. मी पुण्याच्या इंग्रजी शाळेतून शिकून नुकतीच घरी आले होते आणि कोणाशी फारशी बोलत नसे. आमच्या खिडकीतून त्यांचं अंगण दिसायचं, तेवढीच माझी त्यांच्याशी ओळख.

त्यांची बायको मासळीची पाटी डोक्यावर घेऊन डोंगरापलीकडच्या गावांत विकायला जाई. तिची मान आखडली. माझे वडील गावचे डॉक्टर. यापुढे डोक्यावर ओझं घेतलंस तर हात लुळे पडतील, असं त्यांनी तिला बजावलं. होकार द्यायला तिला मानही हलवता येईना.

स्वातंत्र्यानंतर आमचं संस्थान भारतात विलीन झालं, त्यानंतरच्या वर्षांत लष्कराच्या जुन्या मोटारसायकली मुंबईत मिळत. त्यांनी एक होडीत घालून आणली. मागे बायको, तिच्या मांडीवर पाटी, असा बेत. पण खड्डा आला की मागच्या स्प्रिंगा दबत, पाटी कलंडे आणि बांगडे रस्त्यावर. ती उतरून वेची. कावळे मदतीला येत.

एका सकाळी त्यांनी मोटारसायकल अंगणात पालथी घातली, डांबर लावायला होडी घालतात तशी, आणि स्प्रिंगा काढून टाकल्या. त्या जागी बसणारा भाग आधी लाकडात कोरला, मग लोहाराकडून तसाच लोखंडात घडवून घेतला. स्प्रिंगांशिवाय बसवेल का, असं वडिलांनी विचारलं.

"डॉक्टरसाहेब, होडीला कुठं स्प्रिंग असते?"

सगळ्या वाडीला ते पटलं. वडिलांनाही थोडंसं पटलेलं दिसलं.

पहिल्या फेरीत एकही बांगडा पडला नाही. बायको मात्र उतरली ती कंबर धरूनच.

"अवो, होडीखाली पाणी असतंय. माझ्याखाली काय हाय?"

वाडी कितीतरी दिवस हसत होती. ते हसले नाहीत. बराच वेळ मागच्या चाकाकडे बघत उभे राहिले. यापेक्षा पायी गेलेलं बरं, असं ती म्हणत होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी काथ्या पिंजला, शिडाच्या कापडात भरून जाड गादी शिवली आणि मागे बांधली. तळव्याने ती खोल दाबून पाहिली.

"बस गो. हालू दे हिला."

ती बसली. पुढे कित्येक वर्षं बसली. पलीकडच्या गावांतल्या बायका आवाज ऐकूनच ताटं घेऊन दारात येत. तिची मानही सुटली. मागे बसून ती उजवीकडून आणि डावीकडूनही त्यांना बोल लावू लागली.

एका हिवाळ्यात ते तापाने गेले. मोटारसायकल चालवणारं घरात दुसरं कोणी नव्हतं.

बारावं झाल्यावर एका सकाळी ती आमच्या दारात आली. भरलेली पाटी जमिनीवर होती. वडील दवाखान्यात गेले होते.

"बाय, जरा हात लाव."

वडिलांनी तिला काय सांगितलं होतं, ते मला माहीत होतं. तिलाही होतं. मी खाली वाकून पाटीची एक कड धरली. आम्ही दोघींनी मिळून ती उचलली. तिने डोक्यावरच्या चुंबळीवर पाटी सावरली, मान ताठ केली आणि डोंगराच्या वाटेला लागली.