दादाचं राखून ठेवलेलं आमेन

पन्नाबेनचा फोन आला तेव्हा मी पादरा गावी माझ्या घरी मेथी निवडत बसलो होतो. पन्नाबेन म्हणजे शहरात कारेलीबागेत दादाच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या. "भाई, तमे जल्दी आवी जाव," एवढंच म्हणाल्या. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पाच आठवडे झाले, तरी माझा राग काही जात नाही. दादावर, देवावर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. कारण आदल्या रविवारीच आम्ही भांडलो होतो, आणि तेही 'आमेन' या एका शब्दावरून.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ याकोब, बाजव्याजवळच्या रिफायनरीत दुरुस्ती खात्यात होता. तिथली एक सवय त्यानं घरी आणली. पंप बिघडला की ज्यानं वहीत तक्रार लिहिली, त्यानंच पंप चालू झालेला डोळ्यांनी पाहायचा आणि मग खाली सही करायची. दुसऱ्यानं केलेली सही दादा सरळ खोडायचा. घरातला नळ गळला तरी प्लंबरला हाच नियम. वहिनी पोट धरून हसायची... ती चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायची, अगदी आजारपणातसुद्धा. बायबलमधलं, म्हणजे आमच्या शास्त्रातलं, एकोणनव्वदावं स्तोत्र तिचं आवडतं. त्यात देव दावीद राजाशी शपथ वाहून करार करतो की चंद्रसूर्य आहेत तोवर तुझं घराणं टिकवीन. मग एकदम सूर फिरतो. मुकुट धुळीत पडलेला असतो आणि गाणारा देवालाच विचारतो, तुझा तो शब्द कुठे गेला? शेवटी स्तुतीची एक ओळ, आणि दोनदा आमेन, म्हणजे 'तसंच असो'.

वहिनी गेली आणि दादानं त्या शेवटच्या ओळीवर टाचणीनं कागदाची पट्टी लावून टाकली. दर रविवारी संध्याकाळी पट्टीपर्यंत वाचायचा आणि शास्त्र मिटायचा. सहा वर्षं हेच. चर्चच्या पाळकसाहेबांनी समजावलं, मी आदळआपट केली, तो ढिम्म हलला नाही. "तिनं देवाला दिलेला शब्द शेवटपर्यंत पाळला," तो म्हणायचा, "आता त्याची पाळी." अरे, पण देवाशी कसला हट्ट धरायचा! मला चर्चमध्ये तोंड दाखवायची लाज वाटायची.

त्या शेवटच्या रविवारी त्याला धाप लागत होती, म्हणून वाचायला मला सांगितलं. मला वाटलं, माणूस थकलाय, आता तरी हे ओझं उतरू दे. मी पट्टीपाशी थांबलोच नाही. पट्टीखालची ओळ पाठ होती, ती म्हटली, वर मोठ्यानं आमेनही म्हटलं.

दादा ताडकन उठून बसला. "माझ्या तक्रारीवर तू सही केलीस?"

"दादा, सोड ना आता. कोण येणार आहे उत्तर द्यायला?"

"येणार नसता, तर सहा वर्षं वही उघडी ठेवली असती का मी?"

मी चपला घातल्या आणि निघालो. 'येतो' सुद्धा म्हटलं नाही.

दादासाठीच्या प्रार्थनासभेत पाळकसाहेबांनी तेच स्तोत्र घेतलं. देवाच्या वचनांचा भाग तेवढा वाचला, तो प्रश्न गाळला, आणि म्हणाले, याकोबराव सगळ्या शंका सोडून समाधानानं गेले. उठून ओरडावंसं वाटलं, शंका तुम्हाला आणि मला होती हो, त्याला कुठे होती! पण सगळ्यांबरोबर आमेन म्हटलं. दुसऱ्यांदा.

दादाचं शास्त्र आता माझ्याकडे आहे. टाचणी गंजली आहे, पानावर तिचा तांबूस डाग पडलाय. परवा रविवारी वाचायला बसलो. करार, शपथ, चंद्रसूर्य सगळं वाचलं. तो प्रश्न आला तेव्हा माझाच आवाज चढला. पट्टीपाशी येऊन मी शास्त्र मिटलं. बायको हात जोडून बसली होती.

"अहो, आमेन राहिलं."

"राहू दे," मी म्हटलं. "दादा डोळ्यांनी बघेल आणि मग करेल सही."