पदराखालचा हात

वसुंधरा आमच्या शाळेची हस्तकलेची बाई. पनवेलला तळ्याजवळ आमची मराठी प्राथमिक शाळा होती आणि दर जानेवारीत स्नेहसंमेलनाच्या दिवशी खालच्या व्हरांड्यात हस्तकलेचं प्रदर्शन भरायचं. ते बघायला लोक थेट कळंबोलीहून येतात, असं आमचे हेडसर सांगत. कळंबोलीहून कोण येणार, लोखंड बाजारातले ट्रकवाले? पण प्रदर्शन देखणं असायचं, हे मी नाकारत नाही. क्रेप कागदाचे गुलाब, आइसक्रीमच्या काड्यांचे बंगले, लगद्याची फळं. सगळं कसं एकसारखं, कुठे खळीचा डाग नाही की कात्रीचा चुकार काप नाही.

एकसारखं असणारच, कारण सगळं वसुंधरेनेच केलेलं असायचं. पोरांनी काहीतरी चुरगळून आणायचं, "बाई, करून द्या ना," म्हणायचं आणि हिने पदर खोचून बसायचं. पोरं फक्त आपलं नाव लिहीत, तेही चिठ्ठीवर. ती चिठ्ठीसुद्धा सरळ बसावी म्हणून हीच चिकटवायची. मी तिला म्हणे, "बाई गं, एवढी हौस आहे तर पोरांना घरी पाठव आणि एकटीच शाळा भरव." ती हसायची आणि पुढचा गुलाब हातात घ्यायची.

मी रमा. चौथीचं गणित माझ्याकडे आणि स्कॉलरशिपचा वर्गही माझाच. शनिवारचे शेवटचे दोन तास हस्तकलेचे. त्या दोन तासांवर माझा डोळा होता, हे आधीच सांगून टाकते. चौथीच्या पोरांना अपूर्णांक येत नव्हते आणि ही त्यांना गुलाब करायला लावत होती. लावत कसली, दाखवत होती.

ब्याण्णव साली जूनमध्ये शाळा उघडली आणि आठवड्याभरातच वसुंधरेला अर्धांगाचा झटका आला. हलकाच होता. चेहरा सावरला, पायही सावरला, पण उजवा हात खांद्यापासून लोंबकळत राहिला. गणपतीनंतर ती कामावर आली तेव्हा तो हात पदराखाली होता आणि डाव्या हाताने तिने तो धरून ठेवला होता. तिला तशी बघून मला रडू आलं. तिने मात्र मस्टरवर डाव्या हाताने सही केली, वाकडीतिकडी, आणि म्हणाली, "बघतेस काय? पहिलीत आलेय पुन्हा."

त्याच आठवड्यात संस्थेचे अध्यक्ष शाळेत आले. सगळे त्यांना दाजी म्हणत. मिठागरवाल्या घरातले, जमिनी गेल्यावर व्यापारात शिरलेले, माणूस वाईट नाही पण बोलायला सरळसोट. त्यांनी मला, हेडसरांना आणि वसुंधरेला ऑफिसात बोलावलं.

"वसुंधराबाई, राग मानू नका," ते म्हणाले. "हात नाही तर हस्तकला कशी शिकवणार? तुम्ही लायब्ररी सांभाळा. ते शनिवारचे तास रमाबाईंना देऊन टाकू, स्कॉलरशिपला. आजकाल पालक तेच विचारतात."

तास मला हवेच होते. वसुंधरेने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग दाजींकडे.

"संमेलनापर्यंत थांबा," ती म्हणाली. "प्रदर्शन उभं राहिलं नाही, तर तास कायमचे हिचे. मी लायब्ररीत बसेन, पुन्हा एका शब्दाने बोलणार नाही."

दाजींनी मान डोलावली. बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "अगं पण करणार कोण?" ती म्हणाली, "ज्यांची नावं चिठ्ठीवर असतात ते."

काय करायचं तेही तिने ठरवलं. पुठ्ठ्याची हलणारी माणसं. डोकं, धड, हातपाय वेगळे कापायचे, प्रत्येक सांध्याला जाड दोऱ्याची गाठ मारायची आणि मागून एक दोरी सोडायची. दोरी ओढली की माणूस हातपाय उडवतो. सारी गंमत त्या गाठीत. घट्ट बसली तर हात हलत नाही, सैल राहिली तर हात गळून पडतो. पुठ्ठा मात्र फुकट मिळाला. चौथीत कोन गावची वेणू होती, तिचे वडील काळूराम न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रक घेऊन जायचे. त्यांनी परदेशी खोक्यांचा ढीग शाळेच्या दारात आणून टाकला.

पहिले काही शनिवार भयंकर गेले. भिंतीला लागून माझा वर्ग, मला सगळं ऐकू यायचं. पोरं सवयीने रांग लावायची, "बाई, करून द्या ना." आणि वसुंधरेचं एकच उत्तर: "माझ्याकडे हात नाही रे. तुझ्याकडे दोन आहेत." पोरं रडकुंडीला आली. कोणाचं डोकं धडापेक्षा मोठं झालं, कोणी दोन्ही डावेच पाय कापले, खळ तर केसांपर्यंत पोचली. तास संपल्यावर मी डोकावले की ती त्या घाणीत उभी असायची आणि तिचे डोळे भरलेले असायचे. आयुष्यभर नेटकेपणावर जीव टाकलेली बाई ती! पण तिने एकही माणूस कचऱ्यात टाकला नाही की कोणाला सूट दिली नाही. पुढच्या शनिवारी तोच पाय पुन्हा.

मग आया मध्ये पडल्या. चौथीतल्याच निनादच्या आईने एक बाहुली करून पाठवली, कॉलरला लेस, कपाळाला टिकली, अगदी जुन्या प्रदर्शनातली शोभावी अशी. वसुंधरेने ती परत पाठवली आणि सगळ्या आयांना शनिवारी वर्गात बोलावलं. पोरांच्या बाकांवर बसवलं. नवीन पनवेलच्या कॉलनीतल्या नोकरदार बायका, कोनची हौसा, म्हणजे वेणूची आई, सगळ्या गुडघे आखडून बसल्या. वसुंधरा फळ्यापुढे उभी राहिली आणि कडक आवाजात म्हणाली, "हाताची घडी, तोंडावर बोट!"

आया हसायला लागल्या. वसुंधरा हसली नाही. मग एकेकीने खरंच घडी घातली आणि बोट ओठांवर ठेवलं. घडी घातल्यावर बोट तोंडावर कोणत्या हाताचं ठेवायचं हे मला अजूनही कळलेलं नाही, पण पिढ्यान्‌ पिढ्या पोरं ते करत आलीत, तसं त्यांनीही केलं. त्यांच्यासमोर पोरं जमिनीवर बसून गाठी मारत होती. निनादची दोन वेळा सुटली. त्याची आई अर्धी उठली.

"बसा खाली," वसुंधरा म्हणाली. "त्याला येतंय."

"कुठे येतंय हो बाई, तासभर बघतेय मी."

"येतंय म्हणजे यायला लागलंय. तुम्ही हात लावलात की थांबेल."

ती बाई पुटपुटत बसली. हौसा मात्र शेवटी म्हणाली, "बाई, आमी घरीपन अशीच घडी घालू काय?" वसुंधरा म्हणाली, "घरी तर घालाच."

दिवाळी गेली, थंडी आली, आणि माझ्या लक्षात आलं की भिंतीपलीकडून रडण्याचे आवाज येत नाहीत. भांडणाचे येतात, कात्रीसाठी. "करून द्या" तर कोणी म्हणतच नाही.

संक्रांतीच्या आधी एका रविवारी मी सहज वसुंधरेच्या घरी गेले. दार उघडंच होतं. ती चटईवर बसली होती, भाचीच्या पहिल्या संक्रांतीसाठी हलव्याचे दागिने करत. एकेक दाणा दोऱ्यात अडकवायचा, बारीक गाठ, पुढचा दाणा. बोटं झरझर चालली होती. उजव्या हाताची.

मी दारातच ओरडले, "वसुंधरा!"

तिने दचकून हात पदराखाली घेतला. मला असा संताप आला म्हणून सांगू! मी चार महिने तिच्या चहाचा कप उचलत होते, छत्री मिटून देत होते, रिक्षात चढताना कोपर धरत होते.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून," ती म्हणाली. "आधी बोटं हलली. मग हळूहळू सगळा आला."

"आणि शाळेत लुळा घेऊन मिरवतेस? ढोंगी बाई!"

"आहेच ढोंगी. बस, लाडू खा." तिने डबा पुढे केला, उजव्याच हाताने. मग म्हणाली, "रमा, तुला माहितीये मी काय आहे ते. वाकडी गाठ दिसली की मला राहवत नाही. पोरांनाही ते माहितीये. हात आला असं कळलं तर सोमवारी पुन्हा रांग लागेल, आणि मी करून देईन. मला माझा भरवसा नाही गं. तीस वर्षं मी त्यांच्या हातातलं काढून घेतलं आणि त्याला शिकवणं म्हणत आले. आता तो हात शाळेत नाही. नाही म्हणजे नाही."

"आणि प्रदर्शन पडलं तर? तास माझ्याकडे येतील. मी सोडणार नाही हं."

"नकोच सोडूस," ती म्हणाली.

मी लाडू खाल्ला आणि गुपित सांभाळायचं कबूल केलं. चिडून केलं, पण केलं.

संमेलनाच्या दिवशी व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधली होती आणि तिला पुठ्ठ्याची माणसं लटकत होती. काय ती माणसं! एसटीचा कंडक्टर, ज्याची बॅग त्याच्यापेक्षा मोठी. फावडंवाला मिठागरी. टोपली घेतलेली कोळीण, एक डोळा कानाजवळ गेलेला. निनादने तर हेडसर केले होते, टकलासकट, आणि दोरी ओढली की ते दोन्ही हात वर करून शरण आल्यासारखे दिसायचे. खळीचे डाग सगळीकडे. प्रत्येक माणसाखाली त्याचा धनी उभा. नेहमीचे पालक आले, थबकले, एकमेकांकडे बघायला लागले. "यंदा बाईंचा हात नाही ना," कोणीतरी हळूच म्हणालं.

दाजी आले. रांगेने बघत निघाले, चेहऱ्यावर काही दिसू देईनात. वेणूपाशी थांबले. तिने ट्रक ड्रायव्हर केला होता, वडिलांसारख्या मिश्या लावून.

"ओढू का?" दाजींनी विचारलं.

"ओढा की," वेणू म्हणाली.

दाजींनी दोरी ओढली. ड्रायव्हरने पाय उडवले, डावा हात उडवला, आणि उजवा हात खांद्यातून सुटून दाजींच्या पायाशी पडला.

दाजींनी तो पुठ्ठ्याचा हात उचलला. "बाई, जरा बघता का?" ते वसुंधरेला म्हणाले, आणि लगेच त्यांना आठवलं असावं, कारण ते ओशाळले.

मी वसुंधरेकडे पाहिलं. ती जागची हलली नव्हती. पण पदराखाली तिची बोटं वळवळत होती, मला स्पष्ट दिसत होतं. एक गाठ, फक्त एक! तिला क्षणभराचं काम होतं. तिचे तास, तिचं सगळं त्या एका गाठीवर येऊन अडलं होतं, आणि माझ्या मनात आलं, अगं मार ना, मरू दे ते तुझं व्रत. माझे दोन तास त्या वेळी मला आठवलेही नाहीत.

वसुंधरेने डाव्या हाताने उजवा हात घट्ट धरला. "ज्याची वस्तू, तो बघेल," ती म्हणाली.

वेणूने दाजींच्या हातातून तो हात घेतला, ड्रायव्हर दोरीवरून उतरवला आणि फरशीवर बसकण मारली. दप्तरातून सुई-दोरा काढला. पहिली गाठ घट्ट बसली, हात हलेना. तिने ती दातांनी तोडली. मागे गर्दी वाढत होती, रंगमंचाकडून माइकवर कोणीतरी सगळ्यांना बोलावत होतं. दाजी वाकले आणि पुठ्ठा धरायला त्यांनी हात पुढे केला.

वेणूने मान वर केली नाही. "तुमी हाताची घडी घाला," ती म्हणाली.

हेडसरांचा चेहरा पांढरा पडला. दाजी क्षणभर तसेच वाकलेले राहिले. मग सरळ उभे राहिले आणि त्यांनी घडी घातली. ते बघून त्यांच्या मागच्या पालकांनीही घातली. मीही घातली. वेणूने दोरा पुन्हा ओवला, गाठ मारली, बोटाने हात हलवून पाहिला, थोडी सैल केली, पुन्हा पाहिला. उठली, ड्रायव्हर जागेवर टांगला आणि दाजींना म्हणाली, "आता ओढा."

ड्रायव्हरने दोन्ही हात उडवले. दाजींनी पुन्हा ओढली. मग पुन्हा. अध्यक्ष माणूस, पण चांगला पाचसहा वेळा खेळला. निघताना वसुंधरेला म्हणाले, "तास तुमचेच राहू द्या." आणि मला म्हणाले, "रमाबाई, तुम्ही सकाळी शाळेआधी घ्या वर्ग." म्हणजे पहाटे उठणं माझ्या नशिबी आलं. आणि तरीही मी त्या दिवशी वेड्यासारखी खूश होते.

संध्याकाळी माणसं उतरवताना वेणू माझ्यासोबत होती. मी मुद्दामच म्हटलं, "बाईंचा हात चांगला असता तर तुला एवढं बसावं लागलं नसतं, नाही?"

"बाईंचा हात बरा हाय," वेणू म्हणाली.

मी दोरी सोडायची थांबले. "तुला कोणी सांगितलं?"

"परवा टेबलावरून डस्टर पडला ना, तं बाईंनी झेलला. उजव्या हातान. सगल्यांनी बघितला."

"सगळ्या वर्गाला माहीत आहे?"

"हां."

"मग कोणी बोललं कसं नाही?"

वेणूने ड्रायव्हर छातीशी धरला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू गणितातली सोपी बेरीज मला येत नव्हती. "बोललं तं बाई परत आमच्या वस्तू करून देतील ना!"

हे मी वसुंधरेला कधी सांगितलं नाही. ती रिटायर होईपर्यंत वर्गात शिरताना उजवा हात पदराखाली घ्यायची आणि तास संपला की कोपऱ्यावरच्या दुकानात त्याच हाताने भाजी निवडायची. दर जूनला नवी पोरं यायची, आणि जुनी पोरं त्यांना पहिल्याच शनिवारी मधल्या सुट्टीत गाठून सांगायची: बाईंचा हात बरा आहे, पण ते आपल्याला माहीत नाही.