टेबलाखालचा सासरा

दर रविवारी मंडळात कोणीतरी म्हणतंच, "आजोबा, तो टेबलाखालचा किस्सा सांगा ना." सांगून सांगून तोंड दुखलं. आता मंडळाच्या अंकवाल्यांनी कागदच पुढे केलाय, लिहून द्या म्हणे. मी चौथी शिकलेला माणूस. शुद्धलेखन तुमचं तुम्ही बघा. आणि किस्सा काय एक आहे? सून घरात बसून ऑनलाइन शिकायला लागली की असल्या गोष्टी साठतात. इथे जपानात, हिगाशी-कसाईच्या आमच्या दोन खोल्यांत दुसरं काही साठवायला जागाही नाही.

मुग्धा, म्हणजे माझी सून, भारतातल्या एका विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राचं एम.लिब. करत होती. इथल्या एका शाळेच्या लायब्ररीत तिच्यासाठी नोकरी धरून ठेवली होती, पण डिग्री मिळाली तरच.

*

क्लास संध्याकाळी सातला. कॅमेरा चालू झाला की मी घराबाहेर. मला एका जागी बसवत नाही, आणि माझ्या येरझाऱ्या म्हणे तिच्या मागे दिसतात. मग मी स्टेशनपर्यंत जायचो, परत यायचो, पुन्हा जायचो.

एकदा चौथ्या फेरीला चौकीतल्या पोलिसाने अडवलं. त्याला वाटलं म्हातारा हरवला. खिशात पत्त्याचं कार्ड होतं, ते वाचून अगदी अदबीने घरी घेऊन आला. मुग्धाने दार उघडलं. तिच्या अख्ख्या वर्गाने स्क्रीनवर पाहिलं, दारात पोलीस आणि पोलिसाबरोबर मी.

साठेसर म्हणून त्यांचे मास्तर. त्यांनी विचारलं, "मुग्धा, घरी सगळं ठीक ना?"

"हो सर. सासरे फिरून आले."

"एस्कॉर्ट घेऊन?"

*

मग तिला प्रोजेक्ट आला. एका माणसाची मुलाखत घ्यायची, तो वाचनालय कसं वापरतो ते विचारायचं. घरात सापडलो मी.

"बाबा, माहितीसाठी शेवटचं पुस्तक कधी वाचलंत?"

"कधीच नाही."

"करमणुकीसाठी?"

"नाही."

"मग वाचनालयात जायचात कशाला?"

"झाडू मारायला. पुस्तकं काढून द्यायला. अडतीस वर्षं शिपाई होतो, तुला माहीत नाही का?"

तिच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता. तिने लिहिलं, 'नॉन-युजर'. साठेसरांनी दहापैकी नऊ दिले.

*

वॉर्डाची लायब्ररी बघून रिपोर्ट लिहायचा होता, तेव्हा मला बरोबर नेलं. इतकी शांतता की माझी मलाच भीती वाटली. कोपऱ्यात एक जपानी आजोबा वर्तमानपत्र मांडीवर घेऊन घोरत होते. मला राहवलं नाही. जुनी सवय. टेबलावर दोन टिचक्या मारल्या. ते दचकून उठले आणि तीनदा वाकले.

मुग्धा म्हणाली, "बाबा, तुम्ही रिटायर झालात."

पुढच्या आठवड्यात तिथेच माझा डोळा लागला. टेबलावर दोन टिचक्या. बघतो तर तेच आजोबा.

*

आता तो टेबलाखालचा.

शेवटचा पेपर. इथले दुपारचे दीड. कॅमेऱ्यातून कोणीतरी लांबून नजर ठेवणार, खोलीत दुसरं माणूस दिसता कामा नये. मला स्वयंपाकघरात बसवलं. "बाबा, तीन तास हलायचं नाही." मला तीन मिनिटं जमत नाही. डबे पुसले, पुसलेले पुन्हा पुसले.

अडीचला पाऊस आला. गाद्या उन्हाला टाकलेल्या बाल्कनीत, आणि बाल्कनीचं दार तिच्या खोलीत. गाद्या भिजल्या तर झोपायचं कशावर? मी गुडघ्यांवर बसलो आणि रांगत निघालो, तिच्या टेबलाखालून, कॅमेऱ्याच्या नजरेखालून. जाताना कोणाला दिसलो नाही. येताना पाठीवर गादी होती.

स्क्रीनवर प्रश्न आला, टेबलाखाली कोण आहे?

मुग्धा "सासरे," म्हणाली.

निकाल रोखला. आरोप असा की टेबलाखालच्या इसमाने उत्तरं सांगितली. माझा मुलगा हसून हसून लोळला. मुग्धा दोन दिवस जेवली नाही. पुन्हा पेपर द्यायचा तर वर्ष जाणार, आणि शाळा वर्षभर थांबणार नव्हती.

मग स्क्रीनवर चौकशी. साठेसर आणि दोन बाया. मी म्हणालो, "चौथी शिकलोय." एक बाई म्हणाल्या, "पण प्रोजेक्टातल्या मुलाखतीत नोकरी वाचनालयात होती असं दिसतं." साठेसर म्हणाले, "सोपं आहे. त्याच पेपरातला एक प्रश्न विचारतो. आजोबा, एक वाचक आला. पुस्तकाचं नाव आठवत नाही, लेखक आठवत नाही. एवढंच सांगतो की आजारी असताना वाचलं होतं. तुम्ही काय कराल?"

काय करीन? आधी त्याला बसवीन. पाणी देईन. आजारी कधी होतास, कोण पुस्तक घेऊन गेलं तुझ्यासाठी, बायको की भाऊ, ते विचारीन. मग त्या महिन्याचं देवघेवीचं रजिस्टर काढीन आणि त्यांच्या नावावर बोट ठेवीन. अडतीस वर्षांत किती जणांना असं पुस्तक हातात दिलंय, त्याची गणती नाही. ग्रंथपाल स्वतः असला वाचक माझ्याकडे पाठवायचे.

मुग्धा शेजारी बसली होती. ओढणीचं टोक मुठीत धरून.

मी म्हणालो, "मला काय कळतंय साहेब. मी झाडू मारायचो."

साठेसर हसले. त्या बायांना म्हणाले, "बघा. यांना काय विचारता? हे कसली उत्तरं सांगणार?" आणि आमच्यासमोर टाईप करून घेतलं, 'सदर इसमास विषयाचे कोणतेही ज्ञान नाही.' वर मला म्हणाले, "आजोबा, बरोबर ना?"

"बरोबर," मी म्हणालो.

मुग्धा पास झाली. आता शाळेत जाते. डिग्रीचा कागद घरात आला, म्हणून खरं उत्तर आज लिहिलं. त्या टाईप केलेल्या ओळीबद्दल माझी माफी मागायची मात्र राहिलीय, आणि ती मागायचीय साठेसरांनी.