हजेरीतून गाळलेले धोंडिबा हवालदार

अन्याय झाला तो धोंडिबा हवालदारांवर. मार्गशीर्षातल्या पहिल्या रविवारी, सकाळी आठ वाजता, भोरच्या आमच्या सैनिकी कॉलेजच्या मैदानावर, चांगल्या दोन-तीनशे माणसांदेखत झाला. त्या दिवशी दरवर्षीप्रमाणे कॉलेजच्या दिवंगत विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची हजेरी घेतली गेली. त्याआधी दोनच महिने वारलेल्या, आठ वर्षं कॉलेजात कवायत शिकवलेल्या हवालदारांचं नाव प्राचार्यांनी वाचलं नाही. वही मिटली, बिगूल वाजला, मंडळी चहाला गेली.

ज्यांना ही हजेरी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मेलेल्याचं नाव पुकारलं की रांगेत त्याच्या शेजारी जो उभा राहत असे, तो त्याच्या वतीनं ‘हजर’ म्हणतो. शिक्षकाचं नाव आलं तर सगळं मैदान म्हणतं. पाहुण्यांना या प्रथेचं फार कौतुक. पण ती घातली कुणी? हवालदारांनीच. मागल्या महायुद्धात ते मेसोपोटेमियात लढले होते. तिथं त्यांच्या पलटणीत असंच करत. “मेल्याली मानसं लगीच गाळली, तर जिती बी नीट उभी ऱ्हात न्हाईत,” असं ते म्हणत. वार्षिक अहवालात मात्र ही कल्पना प्राचार्यांच्या नावावर छापली गेली.

हवालदार मार्गासनीचे. ठेंगणे, काळेसावळे, मिशी पांढरी आणि आवाज असा की नीरेपल्याडच्या म्हशी माना वर करायच्या. पहिल्या वर्षाच्या पोरांना ते मैदानावर घेतच नसत. आधी भातखाचरांच्या बांधांवरून चालवत, एकामागोमाग, ताठ मानेनं. वाड्यांतून आलेली इनामदारांची पोरं कडेलोट झाल्यासारखी चिखलात पडायची. “सायेब व्हायचंय न्हवं? मग आदी चिखलाशी वळख करून घ्या!” हवालदार ओरडायचे. आमच्यात एकच जण कधी पडला नाही... गुंजवण्याचा रामा. रांगेत तो माझ्या उजव्या हाताला असे. “ह्यो बघा, ह्येचा बा नांगर धरतो. तुमचा बा काय धरतो, सुपारी?” असं सगळ्यांसमोर विचारल्यावर इनामदारांची पोरंसुद्धा हसायची आणि रामा लाजून लाल व्हायचा.

दुसऱ्या वर्षी रामाचे वडील अंथरुणाला खिळले. त्यानं कॉलेज सोडलं, शेती सांभाळली, आणि पुढं लढाई पेटल्यावर साधा शिपाई म्हणून भरती झाला. ब्रह्मदेशात पडला. त्या वर्षीच्या हजेरीला मी उत्तराच्या तयारीनं उभा राहिलो, छाती भरून घेतली... आणि नाव आलंच नाही. शेवटची परीक्षा दिली नाही, सबब तो कॉलेजचा माजी विद्यार्थी नाही, असं कार्यालयानं सांगितलं. अधिकारी होऊन घरी पलंगावर वारलेल्यांची नावं वहीत होती, लढाईत पडलेल्या रामाचं नव्हतं.

हवालदार त्या संध्याकाळी माझ्या खोलीवर आले. मी तेव्हा भोरात पत्रकं छापत असे. त्यांनी सगळं सांगितलं. प्राचार्यांना आपण हजेरीआधीच तीनदा भेटलो, तिसऱ्यांदा त्यांनी ‘शिपायांची खोगीरभरती आम्हाला नको’ असे शब्द वापरले, हेही सांगितलं. उठताना म्हणाले, “लिवा, चांगलं झणझणीत लिवा. पर माजं नाव घालू नगा. अजून दोन वर्सं ही पोरं माज्या हातनं जाऊ द्यात.” मी ‘हो’ म्हणालो.

आणि नाव घातलं. आम्हा पत्रकवाल्यांना पहिला धडा मिळतो तो हा की साक्षीदाराच्या नावाशिवाय आरोप म्हणजे पोकळ बांबू. मला वजन हवं होतं. ‘हवालदार धोंडिबा, राहणार मार्गासनी, यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेले शब्द’ असं मी ठळक टायपात छापलं. खाली लेखक म्हणून ‘एक माजी विद्यार्थी’. आठवड्याभरात हवालदारांना मैदानात पाऊल टाकण्याची बंदी झाली. रामाचं नाव काही वहीत चढलं नाही.

महिन्यानं मी मार्गासनीला गेलो. ते खळ्यावर भात झोडत होते. मला पाहून हातातली पेंढी खाली ठेवली, घरात हाक मारून चहा सांगितला. त्यांच्या घरच्यांनी आतूनच विचारलं, “त्येच का, छापनारं?” हवालदार म्हणाले, “व्हय. साखर वाईच जास्त टाक, लांबनं आल्यात.” मी पुष्कळ बोललो. लढा, जनमत, पुढचं पत्रक... त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “छापलंत त्ये खरंच व्हतं. पर तुमचं नाव कुठं दिसंना त्यात?”

“हवालदार, माझ्यामागं पोलीस आहेत.”

“आसतील की. माज्या म्होरं पोरं व्हती.”

एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. मी पुन्हा गेलो नाही. ‘सवडीनं जाऊ’ म्हणत राहिलो आणि भाद्रपदाच्या अखेरीस तापानं ते गेले. मला कळलं तेही चार दिवसांनी, विंझरच्या बाजारात.

यंदा मी माजी विद्यार्थ्यांच्या रांगेत उभा होतो. नाव वाचलं गेलं नाही. तेव्हा ओरडायला काय लागत होतं? भोरच्या चौकात टेबलावर चढून मी तासतास ओरडलेलो आहे. पण बोललो असतो तर ‘ते पत्रक कुणाचं?’ हा प्रश्न तिथंच आला असता. वही मिटेपर्यंत मी समोरच्या माणसाच्या टोपीकडे बघत राहिलो. तेव्हा अन्याय प्राचार्यांनी केला हे खरं, पण तो तडीला नेला मी. ते पत्रक मी लिहिलं होतं. हे आज या लेखावर माझं पूर्ण नाव घालून सांगतो आहे, आणि उशिरा सांगतो आहे.

पौषात कॉलेजच्या समितीची बैठक आहे. तिच्यापुढं वही दुरुस्त करता येते. वाचकहो, तुमच्यापैकी जे कुणी त्या बांधांवरून चाललात, पडलात, शिव्या खाऊन पुन्हा उठलात, त्यांनी आजच एक कार्ड घ्या आणि समितीला लिहा: धोंडिबा हवालदार आणि गुंजवण्याचा रामा, दोघांचीही नावं हजेरीत घ्या. जास्त काही लिहू नका. पण खाली सही करा, स्वतःच्या पूर्ण नावानं, गावासकट.