प्रभादेवीसमोरचा बूम टेंट

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार मालतीवहिनींचे. त्या माझ्या हाताखालच्या खलाशाच्या, लीडिंग सीमन भिकाजी परब याच्या पत्नी. मी नेव्हीत असताना बी.ए.चा अभ्यास केला तो डिलाईल रोडवरच्या त्यांच्या खोलीत, त्यांच्या हातचं जेवून. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांचे ते दिवस. शिडाच्या ट्रेनिंग बोटीचा चार्ज माझ्याकडे होता. नांगर टाकला की कॉकपिटमध्ये, म्हणजे बोटीच्या मागच्या खोलगट बैठकीत, उघड्यावर बसावं लागे आणि पुस्तकं भिजत. मी भिकाजीला म्हटलं, बूमवरून कापड टाकून दोन्ही कडांना बांधलं तर छप्पर होईल. बूम म्हणजे शिडाखालचा आडवा वासा.

वहिनींनी मनावर घेतलं. गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या बांबूला बूम मानून मापं घेतली. गिरणीचं जाड कापड मशीनवर शिवलं, बांधायचे बंद हाताने लावले.

शेजारची काकू म्हणाली, "काय गो, मोर्च्याचे झेंडे टाकून सरकारचो तंबू शिवतंस?"

"सरकार कसलं? आमचे भावजी पास व्हायचेत," वहिनी म्हणाल्या. "झेंडे उद्या."

ऑक्टोबरात एका संध्याकाळी आम्ही दोघं प्रभादेवीसमोर नांगरून होतो. टेंट बांधलेला होता. मी आत वाचत होतो, भिकाजी चहा करत होता. अचानक पश्चिमेकडून वादळी वारा आला. टेंट शिडासारखा फुगला, नांगर घसरू लागला. मागे खडक होते. मी नांगराचा दोर धरायला पुढे धावलो.

"टेंट काप!" मी ओरडलो.

"सोडतो."

"सोडू नको, काप!"

"दोनच गाठी राहिल्यात. तिने पंधरा दिवस खपून शिवलाय."

चाकू त्याच्या कमरेलाच होता. बूमचा दोर तुटला. बूम फिरला, त्याच्या डोक्यावर बसला, आणि तो पाण्यात गेला. मी हाका मारल्या, दोर फेकला. मग उरलेले बंद कापले. नांगराने लगेच तळ धरला. भिकाजी सकाळी किनाऱ्याला सापडला.

इन्क्वायरीत मी घडलं तसं सांगितलं. दोष कुणावर आला नाही.

तेराव्याला वहिनींनी एवढंच विचारलं, "भावजी, माझेच बंद घट्ट झाले होते का?"

टेंट मला हवा होता, माझ्या पुस्तकांसाठी. बराकीत परतल्यावर पत्र लिहायला बसलो. सवयीने मायन्यात 'सौ.' लिहिलं गेलं. तो कागद फाडून दुसरा घेतला.

"ती. मालतीवहिनींस सा. न.

बंद घट्ट नव्हते. भिकाजी टेंट कापायला निघाला होता. कापू नकोस, गाठी सोड, असं मी सांगितलं. त्याने माझी ऑर्डर पाळली. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही.

रजा मिळाली की येईन. घरात घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

आपला,
वसंत"