डोळ्यांना न झोंबणारा धूर

गुरुदत्त वझे जन्मला, वाढला बालीगंजला. आजोबा विमा कंपनीतल्या नोकरीसाठी कोलकात्याला आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बंगाली. एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो पंचवीस वर्षं तंत्रज्ञ होता. नुसत्या आवाजावरून त्याला डिझेल इंजिनाचं दुखणं कळे.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजला एक प्रकल्प मिळाला. मासळीच्या टाकाऊ भागांतून काढलेलं तेल शुद्ध करून डिझेलमध्ये मिसळायचं, आणि मच्छीमारांच्या बोटींचा धूर त्यानं किती कमी होतो ते पाहायचं. हुगळीकाठच्या बजबजच्या घाटावरचा मच्छीमार निताई हालदार आपली बोट द्यायला आपणहून तयार झाला.

गुरुदत्त दर शनिवारी लोकलने बजबजला जाई. बोटीचा धूर पांढऱ्या कागदातून ओढायचा आणि कागद किती काळवंडला ते मापायचं. महिनाभरात काळेकुट्ट निघणारे कागद राखाडी निघू लागले. निताई खूश होता. आता डोळे झोंबत नाहीत, खोकलाही येत नाही, असं तो घाटावर सगळ्यांना सांगत सुटला.

धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्र मात्र दुरुस्तीला गेलं होतं, ते काही परत येईना. विभागप्रमुख म्हणाले, त्या रकान्यात प्रयोगशाळेतल्या इंजिनाचे आकडे भरा, फार फरक पडत नाही. फरक पडतो हे गुरुदत्तला ठाऊक होतं. निताईचं इंजिन म्हातारं, धुराची नळी सांध्यापाशी गळकी, चिंध्यांनी बांधलेली. तरी त्याने आकडे भरले आणि खाली सही केली.

भाद्रपदातल्या एका दुपारी पावसाने जोर धरला. बोटीत शिरलेलं पाणी उपसायला निताईने घाटावरच इंजिन चालू ठेवलं. पूर्वी अशा वेळी तो खोकत बाहेर पळायचा. त्या दिवशी त्याने पावसासाठी बोटीवरच्या झोपायच्या खोपीचं दार लावून घेतलं, भात खाल्ला आणि आत आडवा झाला. पाऊस ओसरल्यावर शेजारच्या बोटीतल्यांनी हाका मारल्या, दार उघडलं. तो केव्हाच गेला होता.

पोलिसांनी अपघाती मृत्यू लिहिला. गुरुदत्तला कुणी काही विचारलं नाही, आणि तेच त्याला खात राहिलं. आठवड्याने त्याने बायकोला, वृषालीला, सगळं सांगितलं. "न मोजताच लिहिलंस?" एवढंच ती म्हणाली.

शेवटी तो निताईच्या घरी गेला. त्याची बायको शेफाली दारात जाळं उकलत बसली होती. एक वायू असतो, त्याला रंग नाही, वास नाही, धूर कमी झाला तरी तो असू शकतो, तो मोजायचं यंत्र नव्हतं आणि मी मोजल्यासारखं लिहिलं, असं त्याने सांगितलं. तिला नीट कळेना, म्हणून पुन्हा सांगितलं.

"मोजलं असतंत तर त्याला सांगितलं असतंत?" तिने विचारलं.

"हो."

"मग मोजलं नाही, हे का नाही सांगितलंत?"

गुरुदत्त तसाच माघारी निघाला.

सोमवारी त्याने घडलेलं सगळं लिहून कॉलेजात दिलं. विभागप्रमुखांनी पत्र वाचलं, घडी घालून खणात ठेवलं. अहवालात 'एक बोट चाचणीतून वगळली' एवढंच छापून आलं. गुरुदत्तची बदली भांडारात झाली. ते मिश्रण पुढच्या टप्प्यात आणखी अकरा बोटींना मिळालं.

म्हणून तो अजून शनिवारी बजबजला जातो. इंजिन चालू असताना दार लावून आत बसू नका, म्हणून एकेका बोटीपाशी विनवतो. तो कोण हे घाटाला माहीत आहे. कुणी पाठ फिरवतं, कुणी शिवी हासडतं. दोघातिघांनी मात्र खोपीचं दार काढून टाकलंय. शेफाली त्याला लांबून येताना पाहते आणि घरात निघून जाते.