बारा नंबरचा टोन

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहा सांगायला उठतो. पेशाने वायरमन, हौसेने बँड पार्टीतला वाजवणारा. आवाज आला म्हणजे कुठेतरी वायर जोडलेली असणार, एवढंच मानत आलो. म्हणूनच हे लिहायला दोन वर्षं लागली...

गाव देऊळघाट, बुलडाण्याजवळ. माझा दोस्त रफिक रेडिओ-टेप दुरुस्त करायचा आणि आमच्या पार्टीत कीबोर्ड वाजवायचा. तरुणपणी त्याला कुठूनतरी इंग्लंडच्या सिंथ-पॉपची कॅसेट मिळाली. गिटार नाही, ढोल नाही, सगळं यंत्रांवर — आणि गाणारा इतका थंडपणे गायचा की ऐकणाऱ्यालाच भरून यावं. शब्द एक कळत नव्हता. आम्ही ती इतकी घासली की टेप ताणली गेली आणि सूर शेवटी लटपटायला लागला.

पुढे मोबाइलवर तीच गाणी स्वच्छ मिळाली, तर रफिक म्हणाला, "हे आपलं नाई बे. लयच साफ हाये."

मग महिनाभर बसून त्याने कीबोर्डवर तोच लटपटता टोन बनवला आणि बारा नंबरवर सेव्ह केला. कितीतरी वराती त्या इंग्लिश सुरावर दारात आल्या. नाचणाऱ्यांना पत्ताही नव्हता, आणि आम्हाला त्याचा केवढा माज!

रफिक अटॅकने गेला. कीबोर्ड माझ्याकडे आला. आतला सेल मशीन चालू ठेवूनच बदलायचा, नाहीतर मेमरी पुसली जाते, हे त्याने शंभरदा सांगितलं होतं. पण मी वायरमन. हात घालण्याआधी लाइन बंद, ही जन्माची सवय. प्लग काढला, सेल बदलला... सगळे टोन साफ. लाजेने मी कोणालाच सांगितलं नाही.

वर्षभरात त्याच्या मुलीचं, शबानाचं लग्न ठरलं. ती घरी आली. "काका, वरात आली की अब्बाचा तो टोन वाजवजा. बाकी काई नाई पायजे मले."

मी 'हाव' म्हणून बसलो. खरं सांगायची हिंमतच झाली नाही. आठ दिवस टोन बनवत राहिलो, पण दारावरच्या बेलच्या पुढे काही जाईना.

लग्नाच्या दिवशी दुपारी साडेबाराला वरात वळणावर आली. साधंच काहीतरी वाजवून वेळ मारून न्यायचं ठरवलं होतं. पण सवयीने बोट बारा नंबरवर गेलं — आणि तोच टोन वाजला. शेवटच्या लटपटीसकट! मी थांबलो नाही. वर गच्चीवर शबाना डोळे मिटून उभी होती. मी वाजवताना चक्क रडत होतो.

सामान गाडीत चढवताना पुन्हा बारा नंबर दाबला. काहीच नाही. बुलडाण्याच्या मेकॅनिकने तपासून सांगितलं, मेमरी पूर्ण रिकामी आहे. भास म्हणावा, तर लग्नाच्या व्हिडिओत टोन स्पष्ट ऐकू येतो.

मागच्या महिन्यात शबाना माहेरी आली, तेव्हा तिला सगळं सांगून टाकलं. माफी मागितली.

"मंग त्या दिवशी वाजवलं कोनं, काका?"

बारा नंबरवर मी कोणाला काही सेव्ह करू देत नाही. आणि प्रत्येक वरातीआधी तो एकदा दाबून बघतो.